काकांच्या मनगटाला प्लेट, तारा की बाहेरचा फिक्सेटर?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. रावेरकडच्या एका भावाने विचारलंय की काका ४८ वर्षांचे आहेत, केळीची कटाई चालू होती, घड भरलेल्या ट्रॉलीवरून पाय सटकला आणि उजव्या हातावर पडले, चार दिवस झाले, कच्चं प्लास्टर घातलंय, एक्स-रेमध्ये मनगटाजवळ हाडाचे बरेच तुकडे आणि सांध्यातपण भेग आहे. भुसावळचे एक डॉक्टर समोरून, म्हणजे तळहाताच्या बाजूने, प्लेट म्हणतात, जळगावचे दुसरे डॉक्टर बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना आणि बाहेर दांडी, आणि सोबत तारा म्हणतात, आणि घरचे वडीलधारे म्हणतात हाडवैद्याकडे नेऊ. बोटांना थोड्या मुंग्या येताहेत असंही शेवटी एका ओळीत लिहिलंय.

भाऊ, ती शेवटची ओळ पहिली लिहायला हवी होती. तिथूनच सुरू करतो. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांत मुंग्या किंवा बधीरपणा म्हणजे मनगटाच्या समोरून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली जातेय. पडल्या दिवशी थोड्या होत्या, हाड ओढून बसवल्यावर कमी झाल्या, असं असेल तर थांबून बघता येतं. पण रोज वाढताहेत, रात्री झोपू देत नाहीत, बोटं सरळ केली की जीव जातो, तर मग प्लेट की तारा ही चर्चा नंतर, आधी आजच्या आज डॉक्टरला दाखवा, घट्ट पट्टी कापून मोकळी करावी लागते आणि तेवढ्याने नाही भागलं तर ती नर्व्ह ऑपरेशनने मोकळी करावी लागते, हे काम सोमवारवर ढकलायचं नसतं. आपल्याकडे सगळ्यालाच नस म्हणतात, रक्ताची नळी पण नस, स्नायूची दोरी पण नस आणि ही विजेच्या वायरसारखी संवेदना नेणारी पण नस, म्हणून नस दबली असं ऐकून लोक तेल चोळायला बसतात. ही वायर चोळून सुटत नाही.

आता मूळ प्रश्न. मी वीस वर्षांहून जास्त काळ जळगाव-भुसावळ भागात हाडाची ऑपरेशनं करतोय, आणि प्लेट चांगली की तारा चांगल्या हे मला रोज कोणीतरी विचारतं. त्याला एक सरळ उत्तर नाही, कारण ठरवायचं असतं ते धातूवरून नाही, हाड कुठे आणि कसं तुटलंय त्यावरून, आणि तो हात उद्या काय काम करणार आहे त्यावरून. तरी काकांबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो. सांध्याची पातळी खालीवर झाली असेल आणि तुकडे प्लेटमध्ये धरता येतील एवढे मोठे असतील तर मी समोरून प्लेटच करेन. पण फिक्सेटर सांगणारे डॉक्टर चूक आहेत असं मी सीटी स्कॅन बघितल्याशिवाय म्हणणार नाही. सीटी झालाय का ते लिहिलेलं नाही. सांध्यात भेग आहे म्हणताय तर सीटी करून घ्याच, साध्या एक्स-रेत एक भेग दिसते आणि सीटीत चार निघतात हे मी कितीदा बघितलंय.

थोडं हाड समजून घ्या. कोपरापासून मनगटाकडे दोन हाडं येतात, त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, हात टेकून पडलं की बहुतेक वेळा याचंच टोक मोडतं. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कोलिस नावाच्या सर्जनने या फ्रॅक्चरचं वर्णन लिहिलं, एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षं बाकी होती, नुसतं हाताने चाचपून त्यांनी ते ओळखलं होतं. अजूनही आम्ही कोलिस फ्रॅक्चर म्हणतो. चांगल्या हातात या टोकाची सांध्याची बाजू तळहाताकडे साधारण ११ अंश झुकलेली असते आणि करंगळीकडे साधारण २२ अंश उतरती असते. पडल्यावर काय होतं तर हा उतार उलटा मागे कलतो, हाड आखूड होतं आणि जास्त जोराचा मार असेल तर सांध्याची लादीच फुटते. घरातल्या फरशीच्या दोन लाद्या खालीवर बसल्या की पाय अडखळतो तसं सांध्याचं होतं. ही पायरी २ मिलिमीटरपेक्षा जास्त राहिली, हाड ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड राहिलं किंवा मागचा कल १० अंशांच्या वर गेला तर कामाच्या वयाच्या माणसात ऑपरेशनचा विचार करायचा, असा साधारण हिशोब आम्ही धरतो. ४८ वर्षांच्या शेतकऱ्याला अजून वीस वर्षं हा हात वापरायचाय, लादी खालीवर राहिली तर पुढे तो सांधा झिजायला लागतो.

तारा, म्हणजे के-वायर. साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या दोन-तीन तारा, कातडीला चिरा न देता किंवा अगदी छोटी चीर देऊन सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघत टाकायच्या, वरून प्लास्टर, चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीतच ओढून काढायच्या. स्वस्त, पटकन होणारं आणि नीट केलं तर फार चांगलं काम. इंग्लंडमध्ये ड्राफ्ट नावाचा मोठा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये छापून आला, ४६१ पेशंट, अर्ध्यांना तारा आणि अर्ध्यांना प्लेट, वर्षभराने दोन्हीकडच्या लोकांचा हात सारखाच चालत होता. हा अभ्यास दाखवून कोणी म्हणेल की प्लेटचा खर्च कशाला. पण त्यात एक अट होती, ज्यांच्या सांध्याची पातळी बाहेरून ओढून नीट बसत नव्हती असे पेशंट त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. काकांचा प्रश्न नेमका तिथेच आहे. म्हणून मी भुलीखाली आधी हात ओढून सी-आर्मवर बघतो, लादी जागेवर येते का, येत असेल आणि तुकडे कमी असतील तर तारांवर भागतं, नसेल तर उघडावं लागतं. अजून एक, तारा हाडाला धरून ठेवतात पण हाडात दम हवा, मागची आणि समोरची दोन्ही भिंत चुरा झालेली असेल तर तारा असूनही हाड हळूहळू खाली बसतं, चुरम्यात काडी रोवल्यासारखं.

२०२२ मध्ये त्याच लोकांनी पुढचा अभ्यास केला, ५०० पेशंट, हाड बसवून नुसतं प्लास्टर विरुद्ध तारा, आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा फरक नाही! फक्त प्लास्टरवाल्यांमध्ये आठातल्या साधारण एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे प्लास्टर वाईट नाही, पण प्लास्टर घालून पेशंट परत आलाच नाही तर वाईट. पाल, यावलच्या वरच्या पाड्यांवरून माणूस एकदा आला की सहा आठवड्यांनीच तोंड दाखवतो, दोष त्याचा नाही, मजुरी बुडते आणि गाडीभाडं लागतं. मग मी तिथे नुसत्या प्लास्टरवर सोडायला कचरतो, दर आठवड्याला एक्स-रेला येणार असेल तर खुशाल सोडतो.

फिक्सेटर. दोन पिना तळहाताच्या पहिल्या बोटामागच्या हाडात, दोन वरती रेडियसमध्ये, आणि मधून बाहेरच्या बाजूने दांडी. तत्त्व असं की हात ताणून धरला की सांध्याच्या भोवतीचे पट्टे, म्हणजे लिगामेंट, ताणले जातात आणि त्यांना चिकटलेले तुकडे आपोआप जागेवर ओढले जातात. जखम उघडी असेल, माती-शेण गेलं असेल, थ्रेशरमध्ये हात गेला असेल, कातडी वाईट झाली असेल, तर फिक्सेटरसारखं दुसरं नाही, तिथे पहिल्या रात्री प्लेटच्या मागे लागणं मला पटत नाही. पण त्याच्या मर्यादा पण समजून घ्या. सांध्याच्या मधोमध खाली दबलेल्या तुकड्याला कुठलाच पट्टा चिकटलेला नसतो, त्यामुळे कितीही ताणलं तरी तो वर येत नाही, त्याला वेगळ्याने खालून उचलावं लागतं. दुसरं, समोरचे पट्टे मागच्यापेक्षा आखूड आणि जाड, ते आधी ताणले जातात, म्हणून नुसत्या ताणाने तो ११ अंशांचा समोरचा झुकाव परत मिळत नाही, म्हणून सोबत तारा लागतात. आणि तिसरं म्हणजे ताण जास्त दिला की बोटं कडक होतात. फिक्सेटर लावल्यावर दुसऱ्या दिवशी पेशंटची मूठ तळहाताला टेकली पाहिजे, टेकत नसेल तर मी स्वतः ताण थोडा सैल करतो.

आणि आपल्याकडचं एक वेगळं. बाहेर पिना घेऊन सहा आठवडे काढायचे, तेही मे महिन्यात, पारा ४५ला टेकतो, घाम, धूळ, केळीचा चीक. डॉक्टरने घरी बसा म्हटलं तरी आपला शेतकरी संध्याकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला मळ्यात जातोच, मी कोणाला दोष देत नाही, पाणी चुकलं तर बाग जाते. पण पिनांच्या तोंडाशी पू होणं मला याच लोकांत जास्त दिसलंय. फिक्सेटर लावलाच तर रोजचं ड्रेसिंग घरातल्या एकाने शिकून घ्यायचं, आणि ते काम एकाच माणसाकडे द्यायचं, चार जणांवर सोडलं की कोणीच करत नाही.

आता समोरून प्लेट, ज्याला व्होलर लॉकिंग प्लेट म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याच ऑपरेशनने मनगटाचं चित्र बदललं. पूर्वी हाड मागे कललंय म्हणून मागून प्लेट लावायचे, आणि मागे हाडावर बोटं सरळ करणाऱ्या दोऱ्या अगदी चिकटून जातात, त्या प्लेटवर घासायच्या. समोरच्या बाजूला हाड सपाट आणि जाड, वर प्रोनेटर नावाच्या स्नायूची गादी. मनगटाच्या समोर नाडी बघतो तिच्या थोडं आतल्या बाजूला जी दोरी उठून दिसते तिच्या रेषेत चीर घेतात, नाडी एका बाजूला आणि मीडियन नर्व्ह दुसऱ्या बाजूला सुरक्षित ठेवून खाली जातात, प्रोनेटर उचलतात आणि हाड समोर येतं. स्क्रू प्लेटमध्ये आट्यांनी लॉक होतात, त्यामुळे सांध्याच्या लादीखाली ते फळीसारखे आधार देतात आणि हाड ठिसूळ असलं तरी पकड राहते. मोठा फायदा हा की आठवड्या-दोन आठवड्यांत मनगट हलवायला सुरुवात करता येते.

पण प्लेट म्हणजे गॅरंटी असं जे पसरलंय ते धोक्याचं आहे. हाडाच्या समोर पुढच्या टोकाला एक कडा असते, पाणी जिथून दोन्हीकडे उतरतं तशी, प्लेट त्या कड्याच्या पुढे गेली की अंगठ्याचं टोक वाकवणारी दोरी तिच्यावर घासते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी तुटते. एकदा धरणगावकडचे एक आजोबा आले, प्लेट टाकून दोन वर्षं झालेली, म्हणाले डॉक्टर, मना अंगठा वाकस नही. हाड मस्त जुळलेलं आणि दोरी तुटलेली. म्हणून प्लेटवाल्या हातात नंतर कधीही अंगठा वाकवताना कुरकुर किंवा दुखणं सुरू झालं तर प्लेट काढायला दाखवा, वाट बघू नका. तसंच स्क्रू मागच्या बाजूने लांब निघाला तर अंगठा वर उचलणारी दोरी तुटते, म्हणून मी मागची भिंत भेदून स्क्रू बाहेर काढत नाही, थोडा आखूडच ठेवतो. आणि सांध्यात स्क्रू गेलेला नाही ना हे बघायला सी-आर्ममध्ये हात थोडा उचलून तिरका फोटो घ्यावा लागतो, सरळ फोटोत फसायला होतं.

अजून एक तुकडा आहे ज्याच्यासाठी मी सीटी मागतोय. समोरच्या बाजूला करंगळीकडचा कोपरा. छोटा असतो, पण मनगटाची बरीच मदार त्याच्यावर, तो प्लेटच्या पकडीतून सुटला की सगळं मनगट समोर सरकतं आणि चांगली दिसणारी प्लेट दोन आठवड्यांत फेल होते. काकांच्या सीटीत हा तुकडा वेगळा निघाला तर साध्या प्लेटवर समाधान मानू नका, डॉक्टरांना सरळ विचारा की हा कोपरा कशाने धरणार, वेगळा हुक, तार, दोरा, काहीतरी उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार हवं. त्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

मागून जायचं ऑपरेशन संपलेलं नाही. मधोमध खोल दबलेली लादी, मागची कड तुटून मनगट मागे सरकलेलं, किंवा आतल्या छोट्या हाडांचे पट्टे तुटलेले, अशा वेळी मागूनच सांधा डोळ्याने दिसतो. कधी दोन्हीकडून जावं लागतं. आणि जिथे काहीच धरण्यासारखं उरत नाही, पार भुगा, तिथे मागून एक लांब प्लेट तळहाताच्या हाडापासून रेडियसपर्यंत पुलासारखी टाकतात, आतला फिक्सेटरच तो, तीन महिन्यांच्या आसपास काढतात. दुसरं ऑपरेशन लागतं हे खरं, पण पिना बाहेर नाहीत, आणि सोबत पाय मोडलेला असेल तर कुबडीवर भार देता येतो. हायवेवरच्या अपघातात मला हा पर्याय आवडायला लागलाय.

वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी वयस्कर पेशंट असेल तर हे सगळं त्यांना जसंच्या तसं लावू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून पडलेल्या, ओट्यावर सडा टाकताना घसरलेल्या आजीबाई दरवर्षी येतात. साठीच्या पुढच्या लोकांवर अमेरिका, कॅनडा आणि सिंगापूरमध्ये मिळून अभ्यास झाला, २०२० मध्ये आला, प्लेट, तारा, फिक्सेटर आणि प्लास्टर, वर्षभराने चौघांत म्हणावा असा फरक नाही, प्लेटवाले सुरुवातीला लवकर सुधारले एवढंच. माझ्याकडे सत्तरीच्या एक आजी येतात, मनगट बघितलं तर वाकडं, सुनेला वाईट वाटतं, आणि आजी कळण्याची भाकरी दोन्ही हातांनी थापतात. तिथे मी एक्स-रेचं ऑपरेशन करत नाही. हां, आजी एकट्या राहत असतील, स्वतःचं सगळं स्वतः करत असतील, तर लवकर हात मोकळा होण्यासाठी प्लेटचा विचार जरूर करतो.

आता एक गोष्ट सांगतो जी मला अजून छळते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली. बाईकवरून पडलेला पंचविशीचा मुलगा, मनगट सुजलेलं, एक्स-रेत रेडियस चांगलं, मी मुका मार म्हणून पट्टी बांधली. सहा आठवड्यांनी आला तेव्हा बोटं बधीर, मूठ होत नाही. बाजूचा एक्स-रे नीट बघितला तर मनगटातलं चंद्राच्या आकाराचं हाड, ल्युनेट, जागेवरून निसटून समोर कलंडलेलं, चहाचा कप आडवा पडावा तसं. पहिल्या दिवशीच्या फोटोतही ते होतं, फोटो तिरका होता आणि मी दुसरा काढून घेतला नाही. ही दुखापत जगभर बऱ्याच वेळा सुटते, साधारण चारातली एक पहिल्या तपासणीत लक्षात येत नाही असं एका मोठ्या अभ्यासात निघालंय, पण त्याने त्या मुलाला काय. वेळेत सापडली तर त्याच दिवशी ते हाड जागेवर बसवतात, मग मागून जाऊन पट्टा शिवतात आणि तारा टाकतात, नर्व्ह दबलेली असेल किंवा हाड समोर निसटलेलं असेल तर समोरूनही उघडतात. उशीर झाला तर त्या ओळीतली तीन छोटी हाडंच काढायची वेळ येते, हात चालतो पण पहिल्यासारखा नाही. म्हणून जोरात पडलंय, मनगट खूप सुजलंय आणि एक्स-रे नॉर्मल म्हणताहेत, तर पक्का बाजूचा फोटो मागा. काकांच्या सीटीतसुद्धा रेडियससोबत ही आतली हाडं बघायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर चार दिवस म्हणजे उशीर नाही. जखम उघडी नसेल आणि नर्व्ह ठीक असेल तर सूज उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं, साधारण दोन आठवड्यांच्या आत झालं पाहिजे, तीन आठवड्यांनंतर हाड चुकीच्या जागी धरायला लागतं आणि सोपं काम अवघड होतं. हाडवैद्याकडे नेण्यात माझी हीच भीती आहे, लोकांची त्यांच्यावर श्रद्धा आहे मला माहीत आहे, पण सांध्यातले तुकडे बाहेरून बांबूच्या पट्ट्या बांधून बसत नाहीत आणि ते दिवस हातचे जातात, घट्ट बांधल्याने बोटं काळी पडलेलीही बघितलीत.

ऑपरेशन कुठलंही झालं तरी निम्मं काम काकांचं आहे. बोटं पहिल्या दिवसापासून, दर तासाला, पूर्ण मूठ आणि पूर्ण उघडी, कोपर आणि खांदापण. हात गळ्यातल्या झोळीत दिवसभर लटकवून ठेवला की बोटं सुजतात आणि आखडतात. उगाच जास्त दुखतंय, कातडी लाल चकचकीत, बोटाला हात लावू देत नाहीत, असं झालं तर सहन करू नका, त्याचा वेगळा इलाज लवकर सुरू करावा लागतो. तंबाखू मळत असतील तर हाड जुळेपर्यंत तरी बंद, शुगर तपासा. सहा आठवड्यांनी जेवणं-आंघोळ त्या हाताने, घड खांद्यावर घेणं तीन-चार महिन्यांच्या आत नको, पकडीचा पूर्ण जोर यायला वर्षसुद्धा लागतं, यंदाच्या उरलेल्या कटाईला माणूस लावा.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, काकांचं ऑपरेशन त्यात बसतं का त्याला विचारा, जळगाव आणि धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. पैशांमुळे फिक्सेटर निवडताय असं असेल तर तसं डॉक्टरांना मोकळं सांगा, ते मार्ग काढतील.

आज रात्री एवढं करा. बोटात अंगठी असेल तर काढा, निघत नसेल तर कापा. हात उशीवर छातीच्या वर ठेवा. काकांना डोळे मिटायला सांगून अंगठा, पहिलं आणि मधलं बोट कापसाने शिवून बघा, दुसऱ्या हातासारखं लागतं का विचारा, झोपताना एकदा आणि पहाटे एकदा. कमी लागत असेल तर सकाळची वाट न बघता निघा, आणि सीटी झाला की सांध्याच्या पायरीचा आणि त्या करंगळीकडच्या कोपऱ्याचा फोटो मला पाठवा.